एकशे चव्वेचाळीस वस्तू : हॉबिट दिनाच्या प्रकल्प नोंदी

३ जानेवारी, रात्री दहा

नऊच्या ठोक्याला पेले उंचावले. आम्ही सहा जण इथे, ताई इंग्लंडातून फोनवर. तिच्याकडे अजून नऊ वाजायचे होते, त्यामुळे ती एकदा आमच्याबरोबर आणि मग तिच्या वेळेला पुन्हा एकटी, असं दोनदा करणार. 'द हॉबिट' आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणाऱ्या टॉल्किन यांचा जन्म १८९२ सालच्या ३ जानेवारीचा. जगभरचे वाचक या दिवशी आपापल्या घड्याळात रात्रीचे नऊ वाजले की उभे राहतात, 'द प्रोफेसर' एवढंच म्हणतात आणि एक घोट घेतात. भाषण नाही, सजावट नाही. इतका आटोपशीर सोहळा दुसरा माझ्या माहितीत नाही, आणि म्हणूनच तो मला जवळचा वाटतो.

मग आखणीला बसलो. यंदा तीन कामं: २५ मार्चला वाचन, एप्रिलमध्ये न्यूझीलंड (चित्रपटांचं चित्रीकरण तिथलं; तीन वर्षं साठवलेले पैसे आता कुठे पुरेसे झालेत, दादा, वहिनी आणि मी जाणार), आणि २२ सप्टेंबरला मेजवानी. २२ सप्टेंबर हा या कथांमधल्या बिल्बो आणि फ्रोडो दोघांचाही वाढदिवस. दोघेही हॉबिट, म्हणजे बुटक्या, अनवाणी जमातीतले. १९७८ साली अमेरिकन टॉल्किन सोसायटीने तो हॉबिट दिन म्हणून जाहीर केला.

"तुम्ही तिकडे जा, टॉल्किन यांचं ऑक्सफर्ड माझ्याकडे लागलं," ताई म्हणाली. नोंदी मी ठेवायच्या असं ठरलं.

१९ जानेवारी

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चं पहिलं प्रकरण हातात पेन्सिल घेऊन वाचलं. यजमान म्हणून वाचलं की ते वेगळंच दिसतं. बिल्बो १११ वर्षांचा, फ्रोडो ३३ वर्षांचा, म्हणजे हॉबिटांच्या हिशोबाने वयात आलेला. दोघांची बेरीज १४४, म्हणून खास पंगतीला १४४ पाहुणे. आणि बिल्बो भाषणात त्यांना 'एक ग्रोस' म्हणतो, तेव्हा पाहुणे दुखावतात. ग्रोस म्हणजे खोक्यात भरायच्या मालाचा हिशोब. आपल्याला फक्त आकडा भरायला बोलावलं असं त्यांना वाटतं.

यावर वहिनींनी जे सुचवलं त्यावरच पुढचं सगळं उभं राहणार आहे. त्या म्हणाल्या, "मग माणसं मोजूच नका ना. वस्तू मोजा."

हॉबिटांमध्ये वाढदिवस ज्याचा, तोच इतरांना भेटी देतो. आणि बिल्बो निघून जाताना घरातल्या वस्तू नावनिशी चिठ्ठ्या लावून ठेवून जातो. त्या चिठ्ठ्यांची यादी मी वहीत उतरवून घेतली: कितीतरी छत्र्या लंपास केलेल्या अॅडेलार्ड टूकला छत्री; अर्धशतकभर पत्रांतून उपदेश पाठवणाऱ्या डोरा बॅगिन्सला कागदाची कचराटोपली; पत्राला कधीच उत्तर न देणाऱ्या मायलो बरोजला सोन्याचं पेन आणि दौत; पुस्तकं नेऊन परत न करणाऱ्या ह्यूगो ब्रेसगर्डलला रिकामं कपाट; आणि लोबेलियाला चांदीचे चमचे.

आमचा बेत: ४८ पाहुणे, प्रत्येकाने तीन वस्तू आणायच्या. ४८ गुणिले ३, झाले १४४. प्रत्येकाला सहा आठवडे आधी चिठ्ठीने तीन नावं मिळतील. वस्तू स्वतःच्या घरातलीच हवी, विकत आणलेली चालणार नाही. आणि वस्तूला चिठ्ठी हवीच. चिठ्ठीचा नियम मावशीने एका वाक्यात सांगितला: चिमटा काढावा, ओरखडा नको.

९ फेब्रुवारी

झग्याचं काम सुरू. कथेतल्या लॉरिएन वनातले अमर एल्फ देतात तसा राखाडी-हिरवा, टोपीचा, गळ्याशी पानाच्या आकाराच्या पिनेने अडकवायचा. सहा शिवायचे आहेत. पहिला मी मावशीच्या देखरेखीखाली.

अर्धवर्तुळाचं गणित लिहून ठेवते, पुढच्या पाचांना लागेल. गळ्याचा घेर ४० सेंटीमीटर. अर्ध्या वर्तुळात तो बसवायचा तर ४० भागिले ३.१४, म्हणजे आतल्या अर्धवर्तुळाची त्रिज्या सुमारे १३. खांद्यापासून घोट्यापर्यंत लांबी १३०. दोन्ही मिळून १४३. म्हणजे १५० पन्ह्याचं कापड पुरतं, आणि लांबी १४३ च्या दुप्पट, २८६. काठ दुमडायला धरून तीन मीटर. दोरीच्या एका टोकाला खडू, दुसरं टोक टाचणीने कापडाच्या काठावर मधोमध, आणि जमिनीवर गुडघे टेकून कंपास फिरवतात तशी फेरी मारायची.

११ फेब्रुवारी

झगा बिघडला. काल रात्री शिवून लगेच खालचा काठ दुमडला, हातशिलाईने पक्का केला. आज सकाळी अंगावर घालून आरशासमोर उभी राहिले तर खालची कड लाटेसारखी: समोर आणि मागे सरळ, दोन्ही बाजूंना चार बोटं लोंबलेली. मावशीने पाहिलं आणि कापड दोन हातांत धरून ताणून दाखवलं. उभ्या धाग्यावर हलत नाही. आडव्यावर जरासं. तिरकं धरलं की रबरासारखं सुटतं. अर्धवर्तुळात दोन जागा हमखास औरेब येतात, आणि तिथे कापड स्वतःच्या वजनाने खाली उतरतं. "दोन दिवस टांगून ठेवायचं असतं ग. त्याला काय उतरायचं ते उतरू दे, मग कड कापायची."

सगळे टाके उसवले. तीनशे तरी असतील. झगा दाराच्या चौकटीला टांगलाय. रात्री पाणी प्यायला उठले तर कुणीतरी उभं असल्यासारखा दिसला.

१३ फेब्रुवारी

कड कापली. सगळ्यात जास्त उतरलेल्या जागी साडेचार सेंटीमीटर गेलं. आता घेर सरळ पडतो.

२५ मार्च

वाचन दिन. टॉल्किन सोसायटीने २००३ पासून हा दिवस पाळायला सुरुवात केली. तारीख कथेतलीच: २५ मार्चला अंगठी ज्वालामुखीत पडते आणि ती बनवणाऱ्या दुष्ट सॉरॉनचा बुरूज कोसळतो. बारा जण आले. अट अशी होती की प्रत्येकाने आपल्या आवडीचा एक उतारा स्वतः मराठीत करून आणायचा. चार ओळी चालतील, पण स्वतःच्या.

सगळ्यात मोठा वाद 'इलेव्हन्टी-वन'वर झाला. बिल्बोचं वय साधं एकशे अकरा म्हटलं तर हॉबिटांची मोजण्याची गंमत हरवते. तो दहांच्या माळेतला अकरावा दशक आहे. दादाने नव्वदच्या पुढे दहाव्वद, अक्राव्वद अशी माळ लावली, आणि 'अक्राव्वद आणि एक' मान्य झालं. हॉबिटांच्या 'मॅथम' या शब्दाला वेळ लागला नाही. लगेच उपयोग नाही पण टाकवतही नाही अशी वस्तू, त्यासाठी आपल्याकडे 'अडगळ' आहे. आणि अडगळीचं जे ब्रीद, 'असू दे, लागेल कधीतरी', तेही सोबत. पण प्रोफेसरांनी तो शब्द घेतलाय जुन्या इंग्रजीतून, आणि तिथे त्याचा अर्थ खजिना असा आहे. खजिन्याची अडगळ झाली हे शब्दातच लपलेलं आहे, ते मराठीत कसं आणायचं ते आज काही सुटलं नाही.

खरी मेजवानी मावशीने आणली होती. तिने मूळ उताऱ्याऐवजी परिशिष्टातली भाषांवरची टिपणं वाचली. शायरच्या, म्हणजे हॉबिटांच्या प्रांताच्या, बोलीत आदरार्थी रूपं जवळजवळ उरलेलीच नव्हती, असं तिथे सांगितलंय. त्यामुळे पिपिन हा तरुण हॉबिट मिनास तिरिथ या माणसांच्या राजधानीत जातो तेव्हा सगळ्यांनाच, तिथला कारभार पाहणाऱ्या खुद्द डेनेथॉरलासुद्धा, एकेरीत बोलतो. तिथल्या सेवकांना धक्का बसतो, आणि गावभर होतं की हा पोरगा त्याच्या देशातला कोणी फार मोठा माणूस असला पाहिजे! इंग्रजीत हे दाखवता येत नाही, तिथे सगळ्यांनाच 'यू'. मराठीत एका शब्दात येतं. मावशीने तो प्रवेश करून दाखवला: दरबारात सगळे 'आपण', 'महाराज', आणि मधेच पिपिनचं, "तुझा मुलगा मला वाचवायला आला होता." खोलीत कुणीतरी खरोखरच श्वास आत ओढला.

मग फ्रोडोबरोबर निघालेल्या त्याच्या माळ्याचं, सॅमचं काय? सॅम फ्रोडोला काय म्हणणार? मला वाटत होतं, सगळे हॉबिट एकेरीतले म्हणजे 'तू'च. मावशीने बोट ठेवून पुढची ओळ दाखवली: ती आदरार्थी रूपं फक्त खेडुतांच्या तोंडी, विशेषतः वेस्टफार्दिंग या शायरच्या पश्चिम भागात, टिकून होती, आणि तीही लाडाने वापरण्यासाठी. सॅमचं गाव हॉबिटन वेस्टफार्दिंगमध्येच येतं. म्हणजे सॅम 'तुम्ही' म्हणेल, आणि त्या 'तुम्ही'त आदरापेक्षा माया जास्त असेल. नवऱ्याला 'अहो' म्हणणारी आजी आठवली मला.

शेवटी दादाने सॅम अंगठी वाहून थकलेल्या फ्रोडोला पाठीवर घेऊन डोंगर चढतो तो भाग वाचला. "मला ती वाहता यायची नाही तुमच्यासाठी, पण तुम्हाला तर वाहीन." दादा तिथे थांबला. त्याच्याने पुढे वाचवेना, म्हणून वहिनींनी वही हातात घेतली.

१६ एप्रिल, ऑकलंड

पोचलो. उतरण्याआधीच्या आठवड्यात तिघांचे बूट जुन्या दातांच्या ब्रशने घासले होते. बाहेरची माती, बी, बुरशी आत येऊ नये म्हणून या देशात नियम कडक आहेत: चालण्याचे वापरलेले बूट जाहीर करावे लागतात, आणि जोखमीची वस्तू सांगितली नाही तर जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. आम्ही सांगितलं. अधिकाऱ्याने बूट उलटे केले, वहिनींच्या टाचेच्या खाचेत सुकलेल्या चिखलाचा तांदळाएवढा कण सापडला. बूट आत नेले, धुऊन परत आणून दिले. दंड नाही, कारण आम्ही आधीच सांगितलं होतं.

१७ एप्रिल, मातामाता

हॉबिटन.

१९९८ साली 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' चित्रपटांचा दिग्दर्शक पीटर जॅक्सन याच्या माणसांनी हवाई पाहणीत अलेक्झांडर कुटुंबाचं हे शेत हेरलं. तळं, तळ्याकाठी डेरेदार झाड, मागे टेकड्या, आणि विजेचा खांब नाही की रस्ता नाही. मार्च १९९९मध्ये काम सुरू झालं. न्यूझीलंडच्या सैन्याने दीड किलोमीटरचा रस्ता करून दिला. डिसेंबरात चित्रीकरण. तेव्हा उभारलेल्या ३९ घरांचे दर्शनी भाग तात्पुरते होते. पुढे 'हॉबिट' चित्रपटांच्या वेळी सगळं टिकाऊ सामानाने पुन्हा बांधलं, ते आज उभं आहे.

शेतातून बस आत जाते, दोन्हीकडे मेंढ्या. आणि मग वळणावर धूर दिसतो. चिमणीतून खरा धूर.

मी ठरवलं होतं की इथे चित्रपट आठवायचा नाही, पुस्तक आठवायचं. अवघड गेलं नाही, कारण इथली कारागिरी वाचकाच्याच नजरेची आहे. दारांची मापं वेगवेगळी आहेत: लहान दारापुढे माणूस उभा राहिला की जादूगार गॅन्डाल्फएवढा उंच दिसतो, मोठ्या दारापुढे हॉबिटएवढा बुटका. हे माहीत असूनही दादा दोन दारांपुढे उभा राहिला तेव्हा दोन वेगळी माणसं दिसली. बॅग एंडच्या, म्हणजे बिल्बोच्या घराच्या, डोक्यावरचा ओक पहिल्या चित्रपटांच्या वेळी जवळपासचा खरा वृक्ष तोडून, फांद्यांना क्रमांक घालून, इथे आणून बोल्टांनी जोडला होता, २६ टनांचा. पानं तैवानहून आणलेली कृत्रिम, एकेक करून तारेने बांधलेली. पुस्तकात तर बॅग एंडच्या वरती झाड आहे असं मला कुठे आठवत नाही. ते पहिल्या आवृत्त्यांबरोबरच्या प्रोफेसरांच्या चित्रातून आलं असावं असं दादाचं मत. मेजवानीचं झाड मात्र खरं, जागचं, पाइनचं. त्याच्याखाली उभी राहून मी वहीत अंतर मांडत होते, कंदील किती लागतील ते.

सगळ्यात जास्त वेळ मी एका परसात घालवला. भोपळे, वाळत टाकलेले छोटे कपडे, दाराशी चीज, मधाच्या बरण्या. दोन कपड्यांच्या चिमट्यांमध्ये एक पायमोजा? नाही, हॉबिट पायात काही घालत नाहीत. नीट पाहिलं, तो रुमाल होता. जिने तो दोरीवर टाकला तिला हे माहीत होतं.

ग्रीन ड्रॅगन या पबमध्ये प्रत्येकाला एक पेला मिळतो. आम्ही जिंजर बिअर घेतली. इथलं गवती छप्पर याच शेतातल्या लव्हाळ्यांचं आहे.

२० एप्रिल, टोंगारिरो

पहाटे शटलने मांगातेपोपोला सोडलं. तिथून केतेताहीपर्यंत सुमारे २० किलोमीटर, एकाच दिशेने. वाऱ्याने बोटं बधिर. डेव्हिल्स स्टेअरकेस चढून माथ्यावर आलो आणि उजवीकडे तो उभा: न्गाउरुहोए, २,२८७ मीटर, शंकूसारखा नितळ. चित्रपटांतला माउंट डूम, अंगठी ज्यात पडते तो ज्वालामुखी.

पूर्वी लोक वाटेतून फुटून त्याच्या शिखरावर जायचे. आता जायचं नाही. हे पर्वत न्गाती तूफारेतोआ या माओरी लोकांचे पूर्वज आहेत, शिखरं तापू, म्हणजे पवित्र आणि म्हणून वर्ज्य. १८८७ साली त्यांचे प्रमुख ते हेउहेउ तूकिनो चौथे यांनी ही शिखरं देशाला भेट दिली, त्यातून टोंगारिरो राष्ट्रीय उद्यान झालं. १९९३मध्ये युनेस्कोने सांस्कृतिक भूदृश्य म्हणून मान्य केलेली जगातली ही पहिली जागा. शिखरावर चढू नका, तळ्यांच्या पाण्याला हात लावू नका, अशी विनंती आहे.

दादाची ही वीस वर्षांची इच्छा होती, त्या उतारावर चार पावलं तरी टाकायची, सॅमसारखी. फाटा जिथे असायचा तिथे तो बराच वेळ उभा राहिला. वहिनींनी त्याला काही विचारलं नाही. मग त्याने पिशवीतून २५ मार्चची वही काढली आणि तिथेच, वाटेवर, वाऱ्यात, उरलेला उतारा शेवटपर्यंत वाचला. इथे पर्वत स्वतः दिलेली भेट आहे, तिच्यावर पाय देऊन भेट घ्यायची नसते, एवढं तो खाली उतरताना म्हणाला. मला त्याचा फार अभिमान वाटला.

रेड क्रेटरपासून पाचूच्या रंगाची तळी दिसली. हात लावला नाही.

२३ एप्रिल, वेलिंग्टन

माउंट व्हिक्टोरियावर काळ्या स्वाराला चुकवून हॉबिट लपतात ती जागा पाहिली. कायतोकेला एल्फांचं रिव्हेन्डेल, सेट कधीच काढून नेलाय, उरलीय ती नदी आणि झाडी. मला तीच पुरे झाली. परतीचं सामान बांधलं.

१४ जून

झगे सहाही तयार. पिना पितळी पत्र्याच्या, पानाच्या शिरा खिळ्याने ठोकून काढल्या.

आतषबाजीचं ठरलं: नाही करायची. गॅन्डाल्फच्या आतषबाजीशिवाय ती मेजवानी कसली, हे खरंय, पण आवारात पाखरं आहेत, शेजारी तान्हं बाळ आहे. पुस्तकात शेवटचा बार ड्रॅगनचा असतो, पाहुण्यांच्या डोक्यावरून झेपावतो, आणि बिल्बो सांगतो की जेवणाची वर्दी झाली. तर आपण ड्रॅगनच करू. सहा मीटर लाल रेशमी अस्तराचं कापड, आत बांबूच्या कामट्यांची कडी, पोटात छोटे दिवे, काठ्यांवर उचलून चार मुलं धावणार. नऊ वर्षांच्या भाच्याने डोकं मागून घेतलंय.

१० ऑगस्ट

आमंत्रणं गेली, सोबत प्रत्येकाला तीन नावं. फोन सुरू झाले: "ह्यांना मी ओळखतच नाही, काय देऊ?" उत्तर ठरलेलं: मग ओळख करून घ्या. अनोळखी लोक एकमेकांना फोन करून तुम्हाला काय आवडतं असं विचारताहेत. हे आम्ही योजलं नव्हतं.

तारखेवरून दादाने घोळ घातला. परिशिष्टात दिलंय की शायरचं पंचांग आपल्यापेक्षा सुमारे दहा दिवस पुढे चालतं: बारा महिने तीस-तीस दिवसांचे, वरचे दिवस महिन्यांबाहेर. म्हणजे त्यांचा २२ सप्टेंबर आपल्याकडे आधीच येऊन जातो. तो कागदावर मांडून दाखवतो, आणि त्याचं बरोबर आहे. पण ४८ जणांना २२ तारीख कळवून झालीय.

वहिनींचा स्वयंपाक: शहाजिऱ्याचा केक, अळंबी लोण्यात, सफरचंदाचा टार्ट, चीज, लोणचं, अंडी. बिल्बोकडे बौने अचानक येऊन टपकतात त्या दिवशीच्या फराळातून उचललेलं. अळंबी फ्रोडोची, तो लहानपणी मॅगटच्या शेतातून चोरायचा ती.

४ सप्टेंबर

ताईचा फोन, तासभर. ऑक्सनमूटहून परतली. १९७४ पासून टॉल्किन सोसायटीचा हा मेळावा भरतो: व्याख्यानं, वेशभूषा, जुनी पुस्तकं. ते तिने पाच मिनिटांत सांगितलं. नॉर्थमूर रोडवरच्या २० नंबरच्या घरापुढे उभी राहिली, १९३० ते १९४७ टॉल्किन तिथे राहत होते.

उरलेला वेळ रविवारच्या सकाळचा. मेळाव्याच्या शेवटी सगळे वुल्व्हरकोट स्मशानभूमीत जातात. साधी राखाडी शिळा. वर पत्नीचं नाव, एडिथ मेरी टॉल्किन, खाली लुथिएन, १८८९–१९७१. त्याखाली त्यांचं, आणि बेरेन, १८९२–१९७३. त्यांनीच रचलेल्या कथेतली ती दोन नावं. मर्त्य माणूस आणि त्याच्यासाठी अमरत्व सोडणारी एल्फकन्या. ताई म्हणाली, "अगं, इतकी माणसं होती, पण कुणाच्या बुटाचा आवाज येत नव्हता. मी काही नेलं नव्हतं. मग केसातली पिन काढली, आणि परत लावली. ठेवायची नाही असं वाटलं. नुसतं उभं राहावं."

२१ सप्टेंबर

१९३७ साली आजच्याच तारखेला 'द हॉबिट' प्रसिद्ध झालं. वेळ नाही, कंदील बांधतोय.

२२ सप्टेंबर, रात्री एक

४७ आले. एकाला ताप. त्याच्या तीन वस्तू चिठ्ठ्यांसह त्याच्या धाकट्या बहिणीने आणून दिल्या, म्हणजे १४४ भरल्या.

सात वाजता दिव्यांची माळ लावली आणि फ्यूज उडाला. सगळं आवार काळं. कुणी काही बोलायच्या आत झाडामागून ड्रॅगन निघाला. भाच्याला वाटलं हीच खूण. अंधारात ना मुलं दिसत होती ना काठ्या, फक्त सहा मीटर लाल उजेड, वळवळत, डोक्यांच्या वरून. माणसं खरोखर खाली वाकली. मावशीने सर्वांत आधी ओरडून सांगितलं की जेवणाची वर्दी झाली! फ्यूज नंतर बसवला, पण कुणालाही दिव्यांची घाई नव्हती.

जेवणानंतर चिठ्ठ्या. वस्तू एका लांब टेबलावर, नावं वाचायची, हातात द्यायच्या. काही इथे उतरवून ठेवते:

दारात उभं राहून तासभर निरोप घेणाऱ्या काकूंना, एक स्टूल.

निरोपाला कधी उत्तर न देणाऱ्या मित्राला, पत्ता लिहून तिकीट लावलेलं पाकीट.

वहिनींना, दातांचा जुना ब्रश: 'चारशे डॉलर वाचवल्याबद्दल.'

दादाला, पुढे चालणारं गजराचं घड्याळ: 'जो आम्हा सगळ्यांच्या दहा दिवस पुढे असतो त्याला.' हे दिलं होतं एका पाहुण्याने, ज्याला दादा ऑगस्टपर्यंत ओळखतही नव्हता.

एक चिठ्ठी आम्ही वाचली नाही. ओरखडा होता. मावशीने ती खिशात टाकली, वस्तू दिली आणि तोंडी दुसरं काहीतरी सांगितलं, इतकं सहज की घेणारी हसली.

मला मिळाला गोल आरसा, एक किल्ली जिचं कुलूप हरवलंय, आणि मराठी शब्दांची एक फाटकी वही, पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत: अक्राव्वद आणि एक.

२६ सप्टेंबर

आवराआवर संपली. ड्रॅगन घडी घालून माळ्यावर, कामट्या काढून. १४४पैकी १४१ वस्तू गेल्या; तापाच्या पाहुण्याच्या तीन उद्या पोचवायच्या.

पुस्तकांच्या फळीवर एक पाकीट उभं ठेवलेलं आज दिसलं. माझं नाव. बिल्बोही फ्रोडोसाठी फळीवर पाकीटच ठेवून जातो, म्हणून उघडायला जरा थांबले. आत पुठ्ठ्याच्या तुकड्यावर नीट गुंडाळलेला राखाडी-हिरवा दोरा होता, जागोजागी मुरडलेला, फेब्रुवारीत उसवलेल्या टाक्यांचा. सोबत मावशीचं अक्षर: 'पुढच्या झग्यासाठी. आधी दोन दिवस टांग.'